विद्यार्थी आणि इंटरनेट : जुन्नर-आंबेगावच्या शाळा व पालकांसाठी आवश्यक माहिती

पुणे-नाशिक महामार्गावरील मंचर, नारायणगाव, आळेफाटा या बाजारपेठांपासून भीमाशंकर, नाणेघाटाच्या डोंगरपट्ट्यापर्यंत मोबाईल हा आता घरातील नेहमीच्या वापराची वस्तू झाला आहे. टोमॅटो, कांद्याचा बाजारभाव कळावा म्हणून वडिलांनी घेतलेला फोन सायंकाळी मुलांच्या हाती जातो. त्यावरच शाळेचा गृहपाठ येतो, त्यावरच खेळ खेळले जातात आणि त्याच फोनला घरचे बँक खातेही जोडलेले असते. एका उपकरणावर घरातील इतके व्यवहार चालत असताना मुलांना ते सुरक्षितपणे वापरण्याचे शिक्षण मात्र क्वचितच मिळते.

इंटरनेटवरील गुन्ह्यांत मुलांचे सर्वाधिक नुकसान त्यांच्या मौनामुळे होते. अनोळखी व्यक्तीने छायाचित्र मागितले, धमकी दिली किंवा पैसे उकळले, तरी मूल घरी सांगत नाही. मुलाला फोन काढून घेतला जाण्याची भीती असते. मुलीच्या मनात त्याहून मोठी धास्ती असते. प्रकार उघडकीस आला तर शाळा बंद होईल आणि लग्नाची बोलणी सुरू होतील, असे तिला वाटते. धमकी देणाऱ्याचा धंदा याच भीतीवर चालतो. त्यामुळे मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करताना तांत्रिक उपायांइतकेच महत्त्व घरातील आणि शाळेतील विश्वासाला द्यावे लागते. धोके कोणते, कायदा काय सांगतो, तक्रार कोठे करावी आणि शाळेत काय शिकवावे, याची माहिती येथे देत आहोत.

सायबर कॅफेपासून मोबाईलपर्यंत

मुलांच्या इंटरनेट वापराचा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम सायबर कॅफेच्या निमित्ताने न्यायालयात गेला. २००१ मध्ये अश्लील संकेतस्थळे व अल्पवयीन मुले या विषयावर आलेल्या पत्राची मुंबई उच्च न्यायालयाने याचिका म्हणून दखल घेतली आणि उपाय सुचविण्यासाठी विशेष समिती नेमली. ग्राहकांचे ओळखपत्र पाहावे, संगणक वापराची नोंद ठेवावी आणि मुलांना बंदिस्त कक्षाऐवजी सर्वांच्या नजरेसमोरील संगणकावर बसवावे, अशा स्वरूपाच्या शिफारशी या समितीने २००२ मध्ये केल्या. पुढे केंद्र सरकारने २०११ मध्ये सायबर कॅफेसाठी देशव्यापी नियम केले. कक्षाची उंची साडेचार फुटांपेक्षा अधिक नसावी आणि पालक सोबत असल्याखेरीज अल्पवयीन मुलांना अशा कक्षात बसवू नये, असे या नियमांत नमूद आहे.

दरम्यान, ऑर्कुटसारख्या संकेतस्थळांमुळे अनोळखी व्यक्तींशी मैत्री करण्याचे नवे दालन उघडले होते. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबईतील एका सोळा वर्षांच्या मुलाचे अपहरण होऊन त्याचा खून झाला, तेव्हा ऑर्कुटवरील ओळखीची मोठी चर्चा झाली. या खटल्यातील आरोपींची २०१२ मध्ये निर्दोष मुक्तता झाली; मात्र मुले इंटरनेटवर कोणाशी बोलतात, हा प्रश्न त्या घटनेने घरोघरी पोहोचविला.

सायबर कॅफेला दार होते, मालक होता आणि नोंदवही होती. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि इंटरनेट खिशात आले. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या पालकांनी मुलांच्या हाती फोन दिला नव्हता, त्यांनाही तो द्यावा लागला. शाळा पुन्हा सुरू झाल्या, पण फोन मुलांच्या हातातच राहिला. कॅफेच्या मालकावर सोपविलेली देखरेखीची जबाबदारी आता कुटुंबाकडे आली आहे, आणि कुटुंबातील मोठ्यांना फोनची माहिती अनेकदा मुलांपेक्षा कमी असते.

आकडे काय सांगतात

'प्रथम' संस्थेच्या 'असर' या २०२४ च्या देशव्यापी ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले. पाहणीपूर्वीच्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी शिक्षणाशी संबंधित कामासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी फोन वापरला होता. समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी ६२ टक्के मुलांना एखादे खाते रोखणे किंवा त्याची तक्रार करणे माहीत होते. आपले खाते खासगी कसे ठेवावे, हे सुमारे ५५ टक्के मुलांनाच ठाऊक होते.

हे आकडे देशाच्या ग्रामीण भागाचे असले, तरी जुन्नर-आंबेगावच्या शिक्षकांना ते परके वाटणार नाहीत. फोन हाताळता येणारी मुले वर्गात बहुसंख्य असतात. त्यांतील जवळजवळ निम्म्या मुलांना स्वतःचे खाते झाकून ठेवता येत नसेल, तर शिकवणीला कोठून सुरुवात करावी, हे वेगळे सांगावयास नको.

दोन तालुके, तीन परिस्थिती

महामार्गालगतच्या आणि बागायती पट्ट्यातील गावांत घरटी एकाहून अधिक फोन असतात. येथील मुलांसमोर खेळांचे व्यसन, पैशांची फसवणूक आणि समाजमाध्यमांवरील छळ हे प्रश्न प्रामुख्याने येतात. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आणि जुन्नरच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात चित्र निराळे आहे. तेथे संपर्क क्षेत्र अपुरे असते, घरात एखादाच फोन असतो आणि अनेक मुले आश्रमशाळेत राहतात. सुटीत घरी आल्यावर किंवा वसतिगृहात लपवून ठेवलेल्या फोनवर त्यांना इंटरनेट भेटते. पालक शंभर कोस दूर असल्यासारखेच असतात, त्यामुळे अशा मुलांचे पालकत्व अधीक्षक व शिक्षकांकडे येते.

तिसरा गट साखर कारखान्यांच्या परिसरात हंगामापुरत्या येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचा आहे. आई-वडील पहाटे फडात गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीच्या हाती कोपीवरचा एकमेव फोन असतो. शाळेच्या हजेरीपटावर तिचे नाव सलग नसते, म्हणून शाळेत दिलेली सूचनाही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सुरक्षिततेचे कार्यक्रम आखताना या मुलांचा वेगळा विचार व्हावा लागेल.

धोके कोणते?

मैत्रीचे जाळे : अनोळखी व्यक्ती समवयस्क मुलगा किंवा मुलगी असल्याचे भासवून मैत्री करते. खेळातील गप्पांची सोय किंवा इन्स्टाग्रामवरील संदेश ही त्याची नेहमीची वाट. आरंभी कौतुक, मग लहान भेटी, त्यानंतर 'हे कोणाला सांगू नकोस' अशी अट आणि शेवटी छायाचित्राची मागणी, असा त्याचा क्रम असतो. गुप्ततेची अट हे धोक्याचे पहिले चिन्ह होय.

छायाचित्रावरून धमकी : एकदा छायाचित्र हाती आले, की ते नातेवाइकांना पाठविण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी छायाचित्रे मागितली जातात. मुलगेही यात मोठ्या प्रमाणावर फसतात आणि लाजेने बोलत नाहीत. मागणी पूर्ण केल्याने धमकी थांबत नाही. उलट मूल घाबरलेले आहे, याची खात्री समोरच्याला पटते.

बनावट चित्रे : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे साध्या छायाचित्रावरून अश्लील चित्र तयार करणे सोपे झाले आहे. त्यामुळे 'मी कधीच तसे छायाचित्र पाठविले नाही' असे म्हणणारी मुलगी खरे बोलत असते. घरच्यांनी तिच्यावर अविश्वास दाखविणे, हा तिच्यावर झालेला दुसरा आघात ठरतो.

वर्गातील छळ : टोपणनावे, चोरून काढलेली छायाचित्रे, एखाद्याला वगळून तयार केलेले गट, जातीवरून किंवा दिसण्यावरून केलेली थट्टा हे प्रकार पूर्वी शाळेच्या घंटेबरोबर थांबत. आता ते रात्रीही चालू राहतात.

खेळ आणि पैसे : खेळातील शस्त्रे किंवा 'डायमंड' विकत घेण्यासाठी मुले पालकांचा पिन वापरतात. पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने बेकायदा ठरविले आहेत. तरीही त्यांच्या जाहिराती आणि परदेशी संकेतस्थळांचे दुवे मुलांपर्यंत पोहोचू शकतात.

कागदपत्रांचा गैरवापर : शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचा दाखला, आधार कार्ड यांच्या प्रती व्हॉट्सअॅपवरून झेरॉक्सच्या दुकानात पाठविण्याची प्रथा पडली आहे. काम झाल्यावर त्या प्रती तेथील संगणकात तशाच राहतात. त्या पुसल्या गेल्याची खात्री करण्याची सवय मोठ्यांनाही लावून घ्यावी लागेल.

अफवा : बिबट्यांचा वावर असलेल्या या भागात एखादी खोटी चित्रफीत संपूर्ण गावाची झोप उडवू शकते. २०२५ च्या अखेरीस पुणे परिसरात बिबट्याची कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली छायाचित्रे पसरली होती. अशा अफवांमुळे वन कर्मचाऱ्यांची धावपळ चुकीच्या ठिकाणी होते आणि खरी माहिती मागे पडते.

कायदा काय सांगतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. २००८ मध्ये करण्यात आलेली त्याची मोठी दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. या कायद्याच्या कलम ६६-क नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीची, म्हणजे इंग्रजी क्रमातील ६६-ए ची, अनेकांना आठवण असते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ती २४ मार्च २०१५ रोजी रद्द केली आहे. मुलांच्या दृष्टीने पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरणे, तसेच दुसरी व्यक्ती असल्याचे भासवून फसविणे, यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. संमतीविना एखाद्याच्या खासगी अवयवांचे छायाचित्र काढणे वा पाठविणे हा गुन्हा आहे. मुलांचे अश्लील चित्रण तयार करणे, पाहणे, उतरवून घेणे किंवा पसरविणे यासाठी कलम ६७-बी अन्वये पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण कायदा, म्हणजेच 'पोक्सो', १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा व मुलगी त्याच्या कक्षेत येते. फोन किंवा इंटरनेटवरून लैंगिक हेतूने वारंवार संपर्क साधणे, तसेच मुलाच्या चित्रणाचा, खऱ्या असो वा बनावट, वापर करण्याची धमकी देणे हे या कायद्याने लैंगिक छळ ठरते. असे चित्रण साठवून ठेवणे हाही गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले.

शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी बाब म्हणजे, पोक्सोखालील गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. माहिती दडविणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. 'शाळेचे नाव खराब होईल' किंवा 'गावातच मिटवू' ही भूमिका म्हणूनच कायद्याला मान्य नाही. तक्रार न केल्याबद्दल मुलाला स्वतःला मात्र शिक्षा होत नाही.

बालकाला संरक्षण देणाऱ्या तरतुदीही तितक्याच ठोस आहेत. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने तो घ्यावा, अधिकारी गणवेशात नसावा, पालक किंवा बालकाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असावी, रात्री बालकाला पोलिस ठाण्यात ठेवू नये, असे कायदा सांगतो. बालकाचे नाव, शाळा, घर किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास वृत्तपत्रांना मनाई आहे. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळविणे आवश्यक असते. आपल्या मुलीचे नाव गावभर होईल, या भीतीने तक्रार टाळणाऱ्या पालकांनी या तरतुदी अवश्य जाणून घ्याव्यात.

गुन्हा करणारा विद्यार्थीच असेल तर त्याचे प्रकरण २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळापुढे जाते. वर्गमैत्रिणीचे छायाचित्र 'गंमत म्हणून' पुढे पाठविणाऱ्या मुलालाही कायद्याला सामोरे जावे लागते, हे मुलांना वेळीच सांगितले पाहिजे. शिवाय दूरसंचार विभागाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला सिमकार्ड मिळत नाही. मुलाच्या हातातील सिम पालकांच्या नावावर असते, त्यामुळे तपासाचा पहिला धागा पालकांपर्यंतच येतो.

मुलांच्या माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेणे आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती न दाखविणे, ही बंधने त्यात आहेत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींसाठी त्यापुढे अठरा महिन्यांचा अवधी देण्यात आला आहे.

तक्रार कोठे आणि कशी करावी?

पहिले पाऊल म्हणजे मुलाला धीर देणे. 'तू सांगितलेस हे चांगले केलेस' हे वाक्य पालकांच्या तोंडून प्रथम निघाले पाहिजे. चौकशी, रागावणे आणि फोन काढून घेणे यांमुळे मूल पुन्हा गप्प होते. मूल फार घाबरलेले असेल, जेवत-झोपत नसेल, तर त्याला एकटे सोडू नये.

दुसरे पाऊल पुरावा जपण्याचे. धमकीचे संदेश पुसू नयेत. खात्याचे नाव, दुवा, फोन क्रमांक, तारीख व वेळ लिहून ठेवावी आणि संदेशांची पडदा-छायाचित्रे घ्यावीत. मात्र मुलाचे अश्लील चित्रण असेल तर त्याची प्रत काढू नये, ते शिक्षकांच्या गटावर किंवा नातेवाइकांना 'दाखविण्यासाठी' पाठवू नये. तसे करणे हाच गुन्हा ठरू शकतो. अशा वेळी मूळ फोनच पोलिसांकडे न्यावा. पैसे देऊ नयेत. पुरावा टिपून झाल्यावर त्या व्यक्तीचा संपर्क रोखावा.

तिसरे पाऊल तक्रारीचे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ हे चोवीस तास उपलब्ध आहेत. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. रक्कम पुढील खात्यांत वळविली जाण्यापूर्वी रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर महिला व बालकांविषयीच्या तक्रारींसाठी स्वतंत्र विभाग असून, त्यात ओळख न देताही माहिती देता येते.

जुन्नर व आंबेगाव हे दोन्ही तालुके पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतात. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव आणि पारगाव येथे पोलिस ठाणी आहेत. सायबर गुन्ह्याच्या तक्रारीसाठी पुण्यालाच जावे लागते, असा समज पसरलेला आहे. प्रत्यक्षात कोणत्याही पोलिस ठाण्यात तक्रार देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.

छायाचित्र इंटरनेटवरून हटविण्यासाठी संबंधित माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे स्वतंत्र मागणी करावी. २०२१ च्या नियमांनी अशा मजकुरासाठी २४ तासांची मुदत घालून दिली आणि फेब्रुवारी २०२६ मधील दुरुस्तीने ती आणखी कमी करण्यात आली. 'टेक इट डाउन' ही अमेरिकेतील एका संस्थेची विनामूल्य सेवाही उपयुक्त आहे. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या छायाचित्राची केवळ सांकेतिक खूण तीत नोंदविली जाते. मूळ छायाचित्र कोणालाही पाठवावे लागत नाही, आणि सेवेत सहभागी माध्यमे त्या खुणेवरून ते शोधून हटवितात.

शाळेत काय शिकवावे?

वर्षातून एकदा पाहुण्यांचे व्याख्यान ठेवल्याने हे शिक्षण पूर्ण होत नाही. वयानुसार थोडे थोडे आणि वारंवार शिकवावे लागते.

पहिली ते चौथीच्या मुलांना तीन गोष्टी पुरेशा आहेत. नाव, शाळा, घराचा पत्ता अनोळखी माणसाला सांगू नये. पडद्यावर भीती वाटेल असे काही दिसले, तर फोन उलटा ठेवून मोठ्यांना बोलवावे. आणि 'कोणाला सांगू नकोस' असे जो सांगतो, त्याच्याविषयी लगेच घरी सांगावे.

पाचवी ते सातवीत पासवर्ड, ओटीपी व पिन यांचा अर्थ समजावून सांगावा. खेळात भेटणारी व्यक्ती सांगते तेवढ्या वयाची असेलच असे नाही, हे उदाहरणाने पटवावे. अफवा ओळखण्यासाठी बिबट्याच्या चित्रफितीचा सराव पाठ घेता येईल. ही चित्रफीत कोणी काढली, कोठे, केव्हा? झाडे, रस्ता, घरे आपल्या भागातली वाटतात का? पाठविणाऱ्याने स्वतः पाहिले का? खात्री करायची तर वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. मुलांच्या रोजच्या जगण्यातील असा विषय त्यांच्या अधिक लक्षात राहतो.

आठवी ते दहावीच्या वर्गांत कायदा, छायाचित्रांबाबतची संमती, बनावट चित्रे आणि धमकीला द्यावयाचा प्रतिसाद यांवर मोकळेपणाने बोलले पाहिजे. खाते खासगी करणे, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करणे, त्रास देणाऱ्याची तक्रार करणे या कृती प्रत्यक्ष करून घ्याव्यात. मुलींना स्वतंत्रपणे आणि मुलग्यांनाही तितक्याच गांभीर्याने शिकवावे. केवळ मुलींना सावध करून मुलग्यांना सोडून दिल्यास प्रश्नाची अर्धी बाजू अस्पर्शित राहते.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. मुलींच्या सुरक्षिततेसाठी २०२२ पासून शाळांत सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचे राज्य शासनाचे आदेश आहेत. तक्रारपेटी असते, ती नियमितपणे उघडली जाते का आणि कोणासमोर, हे समितीने पाहावे. सरपंच, पोलिस पाटील, अंगणवाडी सेविका यांचा सहभाग असलेल्या ग्राम बाल संरक्षण समितीच्या बैठकीतही हा विषय घेता येतो. फेब्रुवारीत 'सुरक्षित इंटरनेट दिन' येतो आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला खोडदच्या रेडिओ दुर्बीण केंद्रात विज्ञान दिनानिमित्त प्रदर्शन भरते. दोन्ही तालुक्यांतील विद्यार्थी तेथे प्रकल्प मांडतात. सायबर सुरक्षेवरील प्रकल्पांसाठी ही उत्तम संधी आहे. अवसरी येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांतील विद्यार्थी शेजारच्या शाळांत प्रात्यक्षिके देऊ शकतील.

शाळेने स्वतःच्या सवयीही तपासाव्यात. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटात सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात. अशा गटात केवळ पालकांचे क्रमांक घ्यावेत आणि संदेश पाठविण्याचा अधिकार शिक्षकांपुरता ठेवावा. स्नेहसंमेलनाची किंवा गुणवंतांची छायाचित्रे पूर्ण नाव, इयत्ता व गावासह खुल्या पानावर टाकण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी.

घरी काय करता येईल?

लहान मुलांसाठी गुगलच्या 'फॅमिली लिंक'ची विनामूल्य सोय वापरावी. तीतून वापराची वेळ ठरविता येते आणि नवे अॅप घेण्यापूर्वी पालकांची परवानगी आवश्यक करता येते. इन्स्टाग्राम व व्हॉट्सअॅपसाठी किमान वय तेरा वर्षे आहे. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात किशोरवयीनांसाठी वेगळी खाती सुरू केली असून, ती आपोआप खासगी राहतात. मात्र मुलाने खोटे जन्मवर्ष दिले असेल, तर या संरक्षणाचा लाभ मिळत नाही. ते एकदा तपासून घ्यावे. एकच फोन सर्वांचा असेल, तर पैशाच्या अॅपला वेगळे कुलूप लावावे आणि पिन मुलांना सांगू नये.

वेळेच्या शिस्तीचे उत्तम उदाहरण सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने घालून दिले. ऑगस्ट २०२२ पासून तेथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवून मुलांनी अभ्यास करण्याचा पायंडा पडला. मोठ्यांनीही त्या वेळेत फोन बाजूला ठेवणे, हे या प्रयोगाचे मर्म होते. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास देशभर मनाई केली.

बंदीच्या बाजूने आणि विरोधात मते आहेत. लहान मुलांना समाजमाध्यमांपासून दूर ठेवणे निश्चितच हितावह आहे. परंतु ज्या गावात शिष्यवृत्तीचा अर्ज, दहावीचा निकाल आणि प्रवेशाची यादी इंटरनेटवरच पाहावी लागते, तेथे संपूर्ण बंदी फार काळ टिकत नाही. ती टिकली, तरी पुष्कळदा मुलींपुरतीच टिकते. मुलाला फोन आणि मुलीला बंदी अशा घरात मुलगी फोन वापरतेच, पण चोरून. आणि चोरून वापरताना काही घडले, तर ती तोंड उघडत नाही. म्हणून घरचा नियम मुलगा व मुलगी दोघांना सारखा असावा आणि तो मुलांशी बोलून ठरवावा.

दोन्ही तालुक्यांतील ग्रामसभांनी आपल्या गावासाठी असा एखादा तास ठरविण्यास कोणाच्या मंजुरीची गरज नाही. १०९८ आणि १९३० हे दोन क्रमांक शाळेच्या भिंतीवर, एसटी स्थानकावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक रंगविण्यास खर्चही नगण्य येतो. त्या फलकाखाली आणखी एक ओळ लिहिता येईल : 'तुझी चूक असली तरी सांग, शाळा बंद होणार नाही.' पालकांनी, शिक्षकांनी आणि गावाने हे आश्वासन पाळले, तर धमकी देणाऱ्याच्या हातातील सर्वांत मोठे हत्यार निकामी होईल.